आकडा आदल्या रात्री कळू द्या

महाराष्ट्रातल्या थीम पार्क आणि वॉटर पार्कांच्या मालक-चालकांना,



आमची मुलगी चौथीत आहे. दहावा वाढदिवस घरी नको, राइड्सवर जाऊ या, असं तिनं दिवाळीपासूनच धरून ठेवलं होतं. आम्ही फारसे आढेवेढे घेतले नाहीत, कारण हिशेबालाही ते बरं दिसत होतं. सोसायटीचा हॉल, वर्गातली पोरं, त्यांच्याबरोबर येणारी धाकटी भावंडं, केक, फुगे, पावभाजी आणि निघताना प्रत्येकाच्या हातात रिटर्न गिफ्ट. या सगळ्यापुढे घरच्या चौघांची सहल स्वस्त पडेल असं वाटलं. पक्कं मात्र सांगता येईना. तुमच्या तिकिटाचा दर सापडत होता, दिवसाचा खर्च सापडत नव्हता.

हे पत्र त्यासाठीच. आम्हाला फुकट काही नको. स्वस्त करा, हेही माझं पहिलं मागणं नाही. गॅस, शाळेची व्हॅन, घराचा हप्ता यांतून वर्षभर थोडे थोडे बाजूला टाकून जे पैसे जमतात, त्यांत हा दिवस बसतो की नाही, हे घरातून निघण्याच्या आदल्या रात्री कळावं, इतकंच म्हणणं आहे.

आम्ही ज्या पार्कात गेलो त्याचं नाव इथे घेत नाही. तक्रार एकट्या त्यांची नाही. जागा ठरवताना बाकीच्यांची संकेतस्थळंही पाहिली, तऱ्हा थोड्याफार फरकानं तीच.

बुकिंगपासून सुरुवात करते. पहिल्या पानावर एक दर असतो. तारीख निवडली की तो बदलतो, कारण शनिवार-रविवार. पुढच्या पानावर जीएसटी चढतो, त्याच्या पुढे सुविधा शुल्क, आणि पैसे भरायच्या पानावर आपण न मागितलेली एखादी वस्तू आधीच बरोबरची खूण होऊन बसलेली असते. बाजूला घड्याळ उलटं पळत असतं, तिकिटं संपत आल्याचं सांगत. मी आणि नवरा दोघंही कामावरून येऊन, मुलीला झोपवून हे करतो आहोत. त्या घड्याळाची आम्हाला काय गरज? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 30 नोव्हेंबर 2023 रोजी अशा फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली आहेत. त्यांत तेरा प्रकार मोजून दिलेत. खोटी घाई दाखवणं, टोपलीत गुपचूप वस्तू टाकणं, किंमत थेंबाथेंबानं उघड करणं हे तिन्ही त्यात आहेत. तुमचं संकेतस्थळ ज्यानं बनवलं त्याला ती एकदा वाचायला द्या.

जीएसटीच्या बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूची आहे, आणि हा परिच्छेद राज्याच्या अर्थखात्यानंही वाचावा. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा थीम पार्क, वॉटर पार्क, अगदी मेरी-गो-राउंडच्या प्रवेशावरही 28 टक्के कर लागला. जानेवारी 2018 मध्ये तो 18 टक्क्यांवर आणला. म्हणजे हजार रुपयांच्या तिकिटामागे 180 रुपये, चौघांचे 720. प्राणिसंग्रहालय, राष्ट्रीय उद्यान, वस्तुसंग्रहालय यांच्या प्रवेशाला कर नाही. नाटक, सर्कस, तारांगण यांच्या 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटाला माफी आहे. पाळण्यात बसणाऱ्या पोरानं काय घोडं मारलं? निदान मुलांच्या तिकिटाला तरी ती 500 रुपयांची मर्यादा लावावी, असा विषय महाराष्ट्रानं जीएसटी परिषदेत मांडावा. तो सुटेल तेव्हा सुटेल. तोवर करासकटचा दर पहिल्या पानावर छापायला तुम्हाला कोणाची परवानगी लागत नाही.

आता उंचीचं बघा. एसटीत 12 वर्षांपर्यंत अर्धं तिकीट, लोकलमध्येही तसंच. तुमच्याकडे वय चालत नाही, फूटपट्टी चालते. रांगेत प्रत्येकाचा दाखला तपासत बसण्यापेक्षा भिंतीवरची रेघ सोपी, हे मला समजतं. पण बहुतेक ठिकाणी ही रेघ साडेचार फुटांच्या आसपास असते, म्हणजे 137 सेंटिमीटर. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात दहा वर्षांच्या मुलीची मधली उंचीच 138 सेंटिमीटरच्या पुढे आहे. म्हणजे दहावा वाढदिवस असलेल्या निम्म्याहून अधिक मुली त्या रेघेच्या वर निघणार, आणि ज्या दिवशी ती 'आज माझा वाढदिवस' म्हणत नाचत येते त्याच दिवशी तुम्ही तिला प्रौढ ठरवून पूर्ण तिकीट लावणार. आमच्या बाबतीत तेच झालं. मुलीला त्याचा केवढा अभिमान वाटला! तिच्या बापाला कमी वाटला.

गंमत पुढे आहे. आत गेल्यावर मोठ्या कोस्टरच्या दारात दुसरी रेघ, आणि ती आणखी वर. तिथे ती लहान ठरली. त्या दुसऱ्या रेघेबद्दल माझी काही तक्रार नाही; सुरक्षिततेच्या अटीत एक सेंटिमीटरही सैल सोडू नका, आईबाप कितीही गळ घालोत. पण मग दोन्ही रेघा एकाच उंचीवर आणा. ज्या मुलाला सगळ्यात मोठ्या राइडवर बसता येत नाही, त्याच्याकडून मोठ्या माणसाचे पैसे घेऊ नका. आणि ते जमत नसेल तर निदान प्रत्येक राइडची उंची बुकिंगच्या पानावर ठळक लिहा. घरातल्या दाराच्या चौकटीवर आम्ही पेन्सिलीनं खुणा करतोच, तिथे उभं करून बघू. पार्कात पोचल्यावर, तासभर रांगेत उभं राहून दारातून परत फिरणं मुलांना फार लागतं. आमच्या पुढच्या एका मुलाचं रडं थांबेना. त्याच्या वडिलांनी समजूत म्हणून त्याला जे आइस्क्रीम घेऊन दिलं, ते काही त्यांच्या त्या दिवसाच्या यादीत नसणार.

आमच्या घरात सगळ्यात जास्त चर्चा कशावर झाली असेल तर सासूबाईंना न्यायचं की नाही यावर. त्यांचं वय 72, गुडघे दुखतात, कुठल्याही राइडवर बसणार नाहीत. नातीला बघायचं, सावलीत बसायचं, एवढीच हौस. ज्येष्ठांना थोडीफार सूट बऱ्याच ठिकाणी असते, पण सूट धरूनही ती रक्कम बाकावर बसण्याची म्हणून द्यायला जड होती. शेवटी त्याच म्हणाल्या, मी थांबते घरी, तुम्ही जाऊन या. बजेट बसलं ते असं. वाढदिवसातून आजी वजा करून.

गावच्या जत्रेत असं होत नाही. आकाशपाळणा, टोराटोरा, होडी, मौत का कुआँ, ज्याचं त्याचं तिकीट वेगळं. आईबाप खालून एक फेरी मारून सगळं बघतात, मुलाला दोन निवडायला सांगतात आणि खिशाकडे बघून तिसरा कबूल करतात. पाळण्याखाली उभं राहून नातीला हात हलवणाऱ्या आजीकडे कोणी पैसे मागत नाही. जत्रा मागासलेली आणि तुम्ही आधुनिक, असंही नाही. कोपनहेगनचं टिव्होली 1843 पासून चालू आहे, तिथे आजही नुसतं आत येण्याचं तिकीट वेगळं मिळतं आणि राइड्सचं वेगळं. खुद्द डिस्नीलँड 1955 साली उघडलं तेव्हा प्रवेश वेगळा आणि राइडची कुपनं वेगळी होती. ती कुपनं 1982 मध्ये गेली आणि सरसकट तिकीट आलं.

सरसकट तिकिटाचा गुण मी नाकारत नाही. एकदा पैसे भरले की मूल त्याच नावेत दहादा बसू शकतं आणि प्रत्येक दारात पाकीट उघडावं लागत नाही. आमच्या मुलीनं तर सगळ्यात महागड्या, नाव झालेल्या राइड्स सोडून एका साध्या पाण्याच्या घसरगुंडीवरच अर्धा दिवस काढला. मुलांचं ते असंच. तेव्हा सरसकट तिकीट ठेवा, पण त्याच्या शेजारी एक न बसणाऱ्याचं तिकीट ठेवा. मनगटावर वेगळ्या रंगाची पट्टी बांधा, राइडच्या दारात अडवा. आजी-आजोबा, गरोदर बाई, पाठीच्या दुखण्याचा बाप, अशी बरीच गिऱ्हाइकं आज तुमच्या दारापर्यंत येतच नाहीत. ती आली तर चहा पितील, भजी खातील, फोटो काढून घेतील.

मुंबई महापालिकेचं एक उदाहरण देते. 2017 मध्ये राणीच्या बागेचं तिकीट वाढवलं तेव्हा आई-बाप आणि 15 वर्षांपर्यंतची दोन मुलं मिळून 100 रुपये, असं कुटुंबाचं एकच तिकीट ठेवलं. वाढ मोठी होती, लोक कुरकुरले. पण घरी बसून हिशेब पुरा होत होता. त्यातही आजी बसत नाही, हे खरं. प्राणिसंग्रहालयाचा आणि तुमचा खर्च सारखा नाही, हेही खरं. मी रक्कम सारखी करायला सांगत नाही.

डब्याचा विषय टाळता येत नाही. कायद्याचं म्हणाल तर बाजू बहुधा तुमचीच. 3 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयानं चित्रपटगृहांच्या प्रकरणात सांगितलं की बाहेरचे पदार्थ आत येऊ द्यायचे की नाहीत हे ठरवण्याचा हक्क मालकाचा. मात्र पिण्याचं पाणी मोफत ठेवावं आणि तान्ह्या बाळासाठी आईबापांनी वाजवी खाणं आणलं तर अडवू नये. त्या सुनावणीत कोणी जिलेबी खाऊन हात खुर्चीला पुसले तर काय, असा प्रश्न तत्कालीन सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी विचारला होता. बरोबर आहे. पण सिनेमा तीन तासांत सुटतो. तुमच्याकडे मूल सकाळी दहाला शिरतं आणि संध्याकाळी सहाला निघतं, मधे पाण्यात डुंबतं आणि दर दोन तासांनी त्याला भूक लागते.

म्हणून हक्क म्हणून नाही, सोय म्हणून मागते. हातावर शिक्का मारून दुपारी तासभर बाहेर सोडा. वाहनतळाच्या कडेला पत्र्याची एक शेड, चार बाकडी, हात धुवायला नळ आणि कचऱ्याचे डबे ठेवा. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि लाडू घेऊन आलेली माणसं तिथे जेवतील आणि परत आत येतील. आतल्या उपाहारगृहाचा धंदा त्यानं बुडत नाही, कारण दुपारी चारला मुलाला फ्रेंच फ्राइज हवेच असतात आणि ते आम्ही घेतोच. जे जमणार नाही ते असं: चौघांचं दोन वेळचं खाणं काउंटरवर जाईपर्यंत कितीला पडेल याचा पत्ता नसणं. मेन्यू दरासकट संकेतस्थळावर टाका. एक साधी थाळी ठेवा, वरण-भात-भाजी-चपातीची, आणि तिचं कुपन तिकिटाबरोबरच विका. आतल्या खाण्यासाठी आधी पैसे भरून घ्यावं लागणारं प्लास्टिकचं कार्ड मात्र मोडीत काढा, किंवा उरलेले पैसे आपोआप खात्यात परत जातील असं करा. सगळी मुलं दमून पेंगुळलेली असताना उरलेल्या साठ-सत्तर रुपयांसाठी रांगेत कोण उभं राहतं? बहुतेक जण सोडून देतात, आणि हे तुम्हालाही माहीत आहे.

वॉटर पार्कवाल्यांना वेगळं सांगायचं आहे. पाण्यात नायलॉनचेच कपडे हवेत, सुती चालणार नाहीत, हा नियम पाण्याच्या गाळणीसाठी आणि सुरक्षेसाठी आहे, तो योग्यच. पण तो दारात कळतो. मग सलवार-कमीज घातलेल्या आया पोशाखाच्या खिडकीपाशी जमतात. भाडं वेगळं, अनामत वेगळी, लॉकरचं भाडं वेगळं, त्याची अनामत आणखी वेगळी. हे आधी कळलं असतं तर बाजारातून एकदाच विकत घेतलं असतं आणि पुढच्या वर्षीही वापरलं असतं. तिकिटावर एक ओळ छापायला किती शाई लागते?

पोचण्याचं तर कोणी बोलतच नाही. माझ्या पिढीला राइड म्हटलं की एस्सेलवर्ल्ड आठवतं. 1989 मध्ये गोराईला सुरू झालं, 2022 मध्ये बंद पडलं. शेजारचं वॉटर किंगडम चालू आहे. तिथे जायची बोट हा निम्मा आनंद होता, आणि लोकलमधून उतरून बोटीपर्यंत जाता येतं हे कोणालाही ठाऊक होतं. आताची पार्कं महामार्गाच्या कडेला, गाडीवाल्यांसाठी. त्यांच्या पानावर टोलनाक्यापासूनचा नकाशा सापडतो, एसटीची वेळ सापडत नाही. वास्तविक खोपोलीपर्यंत लोकल येते आणि खोपोलीहून बल्लाळेश्वराच्या पालीकडे ज्या रस्त्यानं एसटी जाते त्याच रस्त्यावर इमॅजिका पार्क आहे. असे जोड राज्यात आणखीही असतील. एसटीत 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, मुलीला अर्धं, 65 च्या वरच्या सासूबाईंना अर्धं. आमच्या घरात पूर्ण तिकीट काढणारा एकटा नवरा. सहलींना एसटी प्रासंगिक करारावर गाडी देते. मग सुट्टीच्या दिवसांत सकाळी जवळच्या स्थानकावरून एक आणि पार्क सुटल्यावर परतीची एक, एवढं महामंडळानं आणि तुम्ही मिळून ठरवायला काय हरकत आहे? खासगी गाडीचं दिवसाचं भाडं आमच्या हिशेबात मुलीच्या तिकिटापेक्षा मोठं निघालं.

राहता राहिली वाढदिवसाची सवलत. आम्हाला सापडलेली अशी होती: वाढदिवसाच्या मुलाला सूट, पण त्याच तारखेला, बरोबर पूर्ण तिकिटाचं मोठं माणूस हवं, इतर कोणत्याही सवलतीबरोबर चालणार नाही. तारीख आली मंगळवारी. मंगळवारी शाळा, आमच्या दोघांच्या नोकऱ्या. रविवारी गेलो तर सूट नाही, वर सुट्टीचा चढा दर. म्हणजे जाहिरातीत वाढदिवस आणि दरात रविवार. ही सूट वाढदिवसाच्या महिन्यातल्या कोणत्याही दिवशी चालू द्या. नाहीतर जाहिरातीतून ते केकचं चित्र काढा. जन्मदाखला दाखवायला आमची ना नाही. त्याची प्रत आणि माझा मोबाइल नंबर ठेवून घेऊन नंतर वर्षभर फोन करायला मात्र ना आहे.

केक आत न्यायचा नाही आणि पार्कातलं वाढदिवसाचं पॅकेज घ्यायचं तर किमान अमुक माणसं हवीत, हेही त्याच अटींत कळलं. आम्ही चौघांतून एक वजा झालेले तिघं. तेव्हा सकाळी घरीच औक्षण केलं, आजीनं केलेला शिरा खाल्ला आणि निघालो. आत एका छोट्या पेस्ट्रीवर मेणबत्ती लावू दिली असती तर तिच्यासाठी चार पैसे जास्त मोजले असते. असल्या बारक्या गिऱ्हाइकासाठी तुमच्याकडे काही ठेवलेलंच नाही.

तुमचा धंदा सोपा नाही, हे दिसतं. यंत्रं महाग, वीज महाग, देखभालीत काटकसर करता येत नाही आणि करूही नये, आणि आठवड्याचे पाच दिवस रिकामे. म्हणूनच सांगते, आमच्यासारखी घरं कामाच्या दिवशीही येतील, एक दिवस रजा टाकून, मुलाच्या शाळेला दांडी मारून, जर आदल्या रात्री एक कागद समोर असेल. त्यावर करासकट तिकीट, लॉकर, कपडे, थाळी, पाण्याची मोफत सोय कुठे, गाडी लावण्याचे पैसे, कोणत्या उंचीला कोणती राइड, आणि उद्या दुरुस्तीसाठी कोणत्या राइड्स बंद आहेत, हे सगळं असावं. खाली बेरीज. इंग्रजीबरोबर मराठीतही.

हे दरपत्रक तुमच्याकडे तयार असेलच, फक्त ते हिशेबनिसाच्या टेबलावर असणार. ते बाहेर लावा. भाच्याचा वाढदिवस मे महिन्यात आहे, त्याची उंची रेघेच्या खाली आहे आणि या खेपेला सासूबाईंना न्यायचंच असं ठरतंय. एप्रिलअखेरपर्यंत कळवलंत तर रजेचा अर्ज टाकायला बरं पडेल.



आपली,
चौथीतल्या एका मुलीची आई